सासूबाईंच्या जागेवरची पाल

मित्रांनो, पाल म्हटले की तुम्ही अंग चोरता, हे मला ठाऊक आहे. पण मी तुमच्या भिंतीवरची पाल नव्हे. मला भिंत चढता येत नाही, मला पापण्या आहेत आणि अंगावर बिबट्यासारखे ठिपके आहेत. कोरियातल्या जॉन्जू गावी माल-सुन आजींच्या घरात, काचेच्या पेटीत मी राहते. आता चांगली म्हातारी झाले आहे.

माझा जन्म एका दुकानातला. आजींच्या नातीने, दा-ऑनने, मला तिथून घरी आणले. शाळकरी पोर, पण काय माया! किडे देण्याआधी ती त्यांना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायची, म्हणून माझी हाडे घट्ट राहिली. कोपऱ्यात ओल्या शेवाळाची डबी असे. कात टाकायच्या वेळी मी तिच्यात शिरून बसे. शेपटी तर अशी गुबगुबीत, की पाहुणे बघत राहत. आम्हा पालींची शिदोरी शेपटीतच असते.

पुढे दा-ऑन शिकायला सोल शहरात गेली आणि मी आजींकडे आले. हिवाळा लागला. इथल्या घरांत जमिनीखालून ऊब सोडतात, आणि खोलीतली सगळ्यात उबदार जागा थोरामोठ्यांची. आजींच्या सासूबाई तिथेच बसत. आजींनी माझी पेटी नेमकी तिथे ठेवली आणि वर रजई घातली.

"म्हातारीचा मान म्हातारीला," त्या म्हणाल्या.

मान मोठा होता, पण पेटीचा कोपरान्‌कोपरा तापला. शेवाळ वाळले. कात सुटेना, ती बोटांवर अडकून दोऱ्यासारखी आवळत गेली. माझी भूक मेली. मला थंडी वाजते आहे असे वाटून आजींनी दुसरी रजई घातली.

एके दिवशी दा-ऑनने फोनवर मला पाहिले.

"आजी, हिची शेपटी काडीसारखी झालीय."

"हिवाळ्यात सगळ्यांचंच वजन उतरतं."

"तुझं नाही उतरलं ते?"

"जीभ बघा पोरीची. अगं, घरातली सगळ्यात चांगली जागा दिलीय मी हिला."

"आजी, आपल्याला उकडलं की आपण उठून दाराशी जातो. ती कुठे जाणार?"

आजींनी रजया काढून पेटीत हात घातला. या टोकाला, मग त्या टोकाला.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "मी हिला भाजतेय की."

त्याच दुपारी त्या मला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी कोमट पाण्यात माझे पाय भिजवले आणि ओल्या कापसाने कात सोडवली. एक बोट गेले, बाकीची वाचली. घरी आल्यावर आजींनी पेटी अशी सरकवली, की अर्धी उबेवर आणि अर्धी गार फरशीवर. शेवाळ पुन्हा ओले झाले.

तरी मी खाईना. आजी आपले मुळ्याचे सूप घेऊन माझ्यापुढे बसत.

"तू नाही खाल्लंस तर त्या पोरीला मी काय तोंड दाखवू?"

एका सकाळी मी उबेवर पोट शेकले, गार बाजूला सरकले आणि समोरची अळी पकडली. आजींच्या हातातले सूप तसेच निवून गेले.

मित्रांनो, माझ्यासारखा मुका जीव घरी आणलात तर त्याला ऊब जरूर द्या. पण तिच्यापासून दूर सरकायला जागाही ठेवा. आपल्याला काय बरे वाटते ते नंतर. आधी त्याच्या अंगाकडे बघा. माझी शेपटी आता पुन्हा भरली आहे. आजी रोज सकाळी पेटीच्या दोन्ही टोकांना हात लावून बघतात आणि मगच स्वतःचा जवाचा चहा ठेवतात.