चाळून पाहिलेलं पीठ

माझे गुडघे गेले तेव्हा पिठाची गिरणी मी धाकट्या लेकीच्या हाती दिली. धाकटीला जन्मापासून दिसत नाही. थोरला लेक म्हणाला, "आई, महिनाभर बघतो. गिऱ्हाईक तुटलं तर गिरणी भाड्यानं देऊन टाकायची." मी हो म्हटलं. खरं सांगते, भरवसा मलाही नव्हता.

पोरगी दळते कशी, तर पडत्या पिठात हात धरते, अंगठ्यानं चोळते, मग चाक जरासं आवळते. जाड का बारीक, ते बोटांना कळतं. वरची पेटी रिकामी होत आली की दगडांचा आवाज पालटतो. मला कळेपर्यंत तिनं पुढचं दळण ओतलेलं असतं. डबे ती पोच्यांवरून ओळखते. मी तेव्हा बाजूला बसलेली असायचे, तर लोक बोलणार माझ्याशी. "बिचारीला बारीक जमतं का हो?" बिचारी, बिचारी करण्यापेक्षा तिलाच विचारा की. ऐकू येतं तिला.

विसाव्या दिवशी मास्तरीणबाई आली. ती जिकडे डबा नेईल तिकडे अर्धी गल्ली जाते. डबा टेकवून माझ्या कानाशी हसत म्हणाली, "आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, असं नको व्हायला."

गिरणीच्या घरघरीतही धाकटीनं ते टिपलं. हातातलं काम न थांबवता म्हणाली, "बाई, दळणारी मी. पीठ जाणार तुमच्या घरी. मग कुत्रं कोण?"

रांगेत हशा पिकला. मास्तरीणबाई गहू तसेच उचलून चालती झाली, तिच्यामागं आणखी दोघी.

संध्याकाळी थोरला तणतणत आला. "उद्या तिच्या दारात जाऊन माफी माग. नाहीतर गिरणीला कुलूप."

"दळण बिघडलं असतं तर मागितली असती," धाकटी म्हणाली.

"आई, तू तरी सांग हिला."

सांगण्यासारखं माझ्याकडे वेगळंच होतं. धाकटी जेवायला गेली की मी तयार डब्यांतलं मूठमूठ पीठ मागल्या खोलीत नेऊन चाळत होते. वीस दिवस. भरड निघेल, खडा निघेल म्हणून. मास्तरीणबाई तोंडानं बोलली, माझे हात रोज तेच बोलत होते.

मी दोघांसमोर कबूल केलं. म्हटलं, "एकदाही काही निघालं नाही. माझ्या हातच्या पिठात निघायचं."

धाकटीनं पिठाचे हात झटकले. मग म्हणाली, "चाळणी घरी ने. आणि उद्यापासून तूही इथं बसू नकोस. तू असलीस की माणसं तुझ्याशीच बोलतात."

लागलं मला. पण पोरीचं बरोबर होतं. थोरल्याला म्हटलं, "उद्या कचेरीत चल माझ्याबरोबर. गिरणी हिच्या नावावर करायची आहे. आणि ते कुलूप आधी स्वतःच्या तोंडाला लाव."

त्याला पंधरा दिवस झाले. मी घरीच असते. त्या दोघींतली एक परत आली. मास्तरीणबाई अजून लांबच्या गिरणीत जाते. जाऊ दे. पाय तिचे आहेत.