मला कुणी 'अय्या' म्हटलं नाही

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो! सागवानी, जाडजूड, आणि खरं सांगतो, भयंकर जळका!

एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मध्ये मी उभा होतो. ऐंशी वर्षं! धूर अडवला, भांडणंसुद्धा अडवली. मग नवं कुटुंब आलं. आई म्हणाली, "किती अंधार बाई! पोरगी पलीकडे काय करतेय, दिसतसुद्धा नाही. आधी हा धोंडा काढा." धोंडा! मला!

सुतारकाकांनी मला उतरवलं, दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं, आणि माझ्याच छातीवर काय रंधलं माहितीये? नव्या सरकत्या काचेच्या दरवाजाची चौकट! डोक्यावर मिरे वाटणं म्हणतात ना, ते हेच.

तो काचवाला बसला, आणि जो येईल तो, "अय्या, कसला छान सरकतो!" बाबा तर पाहुण्यांना पाच-पाच वेळा सरकवून दाखवायचे. मला ऐंशी वर्षांत एकदाही कुणी अय्या म्हटलं नव्हतं हो! नुसता जळफळाट! त्यात बाबा म्हणाले, "काम संपलं की याला जळणाला देऊन टाकू."

काम संपेपर्यंत मात्र सगळे माझ्यावरच जेवायचे. भुसा झाडला, कागद अंथरला, की बसले. त्यांच्या पोरीनं, टिकलीनं, तर माझ्या कडीजवळची जागाच पकडली. एक घास, एकदा खळ्ळ!

मग नवं टेबल आलं. आईनं खोली मोजली होती, भिंत मोजली होती, फक्त जिना मोजायचा राहिला! टेबल वळणावर अडकलं ते अडकलंच.

"वहिनी, जिना पाडू का?"

"काका, पुरे! अर्धं घर पाडलंत तेवढं बास."

टेबल परत गेलं. इकडे मला न्यायला लाकूडवाला दारात हजर! माझं तर धाबंच दणाणलं. तेवढ्यात टिकली धावत आली, जागेवर बसली, कडी घट्ट धरली.

"मी नाही उठणार! आपण याच्यावरच तर जेवतो!"

आईला हसू आलं. "काका, याला पाय लागतील का हो?"

लागले. कशाचे? काचवाल्याच्या चौकटीतून उरलेल्या लाकडाचे! ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याच्याच लाकडावर उभा आहे मी.

तरी आई त्याची काच पुसते ना, तेव्हा पोटात दुखतंच. म्हणून सांगतो मित्रांनो, माझ्यावर गरम भांडं टेकवू नका, पाणी सांडलं तर लगेच पुसा. आणि जुनं काही जळणाला देण्याआधी, एकदा त्याच्याभोवती बसून जेवून बघा.

काल टिकलीची मैत्रीण आली होती. काचवाल्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही! माझी कडी वाजवली आणि ओरडली, "अय्या! तुमच्या टेबलाला कडी?"

ऐकलंस का रे, काचवाल्या?