तीनच खुणा

बाबांचे कान कारखान्याने खाल्ले. तीस वर्षं पत्रा ठोकायच्या मशीनवर काढली, आणि जाताना हातात काय, तर एक घड्याळ आणि कंपनीचे वीस शेअर. "घड्याळ दिलं, टिकटिक ठेवून घेतली," असं बाबाच म्हणायचे आणि खो खो हसायचे. आता त्याच मशीनवर धाकटा मुलगा होता. महिनाभर झाला, त्यालाही हाक दोनदा मारावी लागत होती. म्हणून यंदा बाबा कंपनीच्या वार्षिक सभेला निघाले आणि ऐकून सांगायला थोरल्या लेकीला सोबत घेतलं.

मशीनपाशी तोंडाचं काही चालत नाही, तिथे हात बोलतात. थोरली हे बोलणं घरात बघतबघतच शिकली होती. तळहात छातीवर, म्हणजे झालं. बोट गोल फिरवलं, म्हणजे चाललंय. मूठ खांद्यामागे, म्हणजे अजून व्हायचंय. मशीन थांबलंय की अजून थांबायचंय, यात घोळ झाला की कुणाची तरी बोटं गेलीच. म्हणून खुणा तीनच.

सभा कारखान्याला लागून असलेल्या जेवणाच्या हॉलमध्ये होती. पलीकडच्या ठोक्यांनी जमीन धडधडत होती. पुढच्या पाच रांगांत शंभरेक निवृत्त म्हातारे, एकजात बहिरे; बाबा आणि थोरली पहिल्याच रांगेत. समोर मोठे साहेब. तेही विशीत याच मशीनवर राबलेले, पण त्याला जमाना झाला.

चिटणीस हिशेबाच्या चकचकीत पुस्तकातून वाचू लागला, "कामगारांच्या कानांच्या रक्षणासाठी तरतूद करण्यात येते व साधने पुरवण्यात येतात."

थोरलीचा हात उठला आणि हवेतच राहिला.

"काय म्हणतोय?" बाबांनी कोपराने ढोसलं.

तिने हात छातीकडे नेला, मागे घेतला. बोट फिरवलं, तेही थांबवलं.

"अगं, झालंय की व्हायचंय?" बाबांना वाटलं आपण कुजबुजतोय. अख्ख्या हॉलने ऐकलं.

चिटणीस गोड हसला. "लिहिलंय ना आजोबा. करण्यात येते."

थोरलीचं डोकं सटकलं. "मग हातानं करून दाखवा. मला जमत नाहीये. माझा भाऊ आत्ता त्या मशीनवर उभा आहे."

"ताई, हिशेबाची भाषा अशीच असते."

आता लोक हसणार, असं तिला वाटलं. पण मागे खुर्ची सरकली. थोरलीचे अडखळणारे हात बघत बसलेला एक म्हातारा उठला, तळहात छातीवर ठेवला, मग मूठ खांद्यामागे नेली, आणि दोन्ही पंजे साहेबांपुढे उघडले. मग दुसरा उठला. मग रांगच्या रांग. कुणाला तीन बोटं, कुणाचा अंगठाच नाही, पण सगळे हात तेच विचारत होते. आवाज एकाचाही नाही. थोरली मागे वळून बघतच राहिली. तिचा राग कुठे गेला तिलाच कळलं नाही.

मोठे साहेब माईकपाशी आले. "त्याचं असं आहे," ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांची उजवी मूठ आपसूक खांद्यामागे गेली.

त्यांनी त्या मुठीकडे पाहिलं. खाली मात्र घेतली नाही.

"ते वाक्य खोडा," ते चिटणिसाला म्हणाले. "आणि साधनं येईपर्यंत मशीन बंद. पगार चालू राहील. जा, आत्ता सांगून या."

चिटणीस पळाला. सगळे उभेच.

मग अचानक ते शंभर म्हातारे एकदम खाली, आपापल्या पायांकडे बघू लागले. थोरलीला कळायला क्षणभर लागला. जमीन धडधडायची थांबली होती.

बाबांनी तळहात छातीवर ठेवला.