महामायेचा क्लच आणि मेहुण्याची माती

माझ्या मेहुण्याची रोपवाटिका आहे, आणि तिच्या दारात माझी गाडी कुंडी म्हणून ठेवायचं त्याच्या मनात होतं. चेष्टा नाही. दोन सीटची, बिनटपाची, जुनी स्पोर्ट्स कार. तिच्यात माती भरायची आणि वर फुलझाडं लावायची!

झालं असं, की महामायेचा, म्हणजे या गाडीचा, हॉर्न काढून मी घराच्या बेलला जोडला होता. मेहुण्याने बेल दाबली आणि तो दचकून मागच्या मागे गेला, तो थेट स्वतःच आणलेल्या गुलाबाच्या कुंडीत बसला. काटे काढून झाल्यावर म्हणाला, "दाजी, हॉर्न वाजतो, पण गाडी हलते का? रविवारी संध्याकाळपर्यंत समोरचा चढ चढली नाही, तर गाडी माझी."

मी फुशारकीत हात पुढे केला. लागली पैज.

महामाया हलत नव्हती, हे खरंच होतं. मी तिच्यात मोठं इंजिन बसवलं आणि त्याचा जोर पेलेल असा दणकट स्प्रिंगचा क्लच टाकला. तेव्हापासून पेडल पार तळाला टेकवलं तरी क्लच सुटेना. इंजिन चालू असताना गिअर टाकला की करर्र! शेजारचं कुत्रं शेपूट घालून पळायचं.

नवी क्लच वायर टाकली. करर्र. नट आवळून वायर ताणली. करर्र. ती वायर गिअरबॉक्सवरचा जो लिव्हर ओढते, तो बदलला. करर्र! पाठीचं भजं झालं, आणि हाताला एवढं ग्रीस की नाक खाजवायची चोरी.

गाडीखाली पडून पाहिलं की लिव्हर अर्धाच सरकायचा. मग पेडलचा उरलेला जोर जातो कुठे? पेडल दाबणारा मी आणि बघणाराही मीच. सीट आणि पेडल यांच्यात काठी ठोकून धावत पुढे यायचो, तोवर सगळं शहाण्यासारखं गप्प बसलेलं.

शेवटी बायकोला हाक मारली.

"अगं, जरा पेडल दाबतेस?"

"सीटखाली काय ठेवलंय ते आधी सांगा."

"काही नाही गं!"

"मग तुम्ही बसून दाखवा."

बसून दाखवलं. उठबस करून दाखवली. तेव्हा बाईसाहेब बसल्या आणि मी खाली शिरलो.

"दाब! सोड! दाब!"

"अहो, पेडलच्या मागचा पत्रा फुगतोय."

"काय?"

"दाबलं की तो माझ्याकडे येतो. सोडलं की परत जातो."

मी असा हसलो की कपाळ सायलेन्सरवर आपटलं. भावाची पैज, आणि बहीण मला पत्रा फुगतो सांगणार! अख्खी हयात लोकांना बनवण्यात गेली माझी, मला थाप ओळखता येत नाही?

"तुझ्या भावाला म्हणावं, जरा बरी थाप शोध."

"मग बसा बोंबलत," म्हणून ती आत गेली.

मी गिअरबॉक्स उतरवला. शनिवार त्यातच गेला. आतली क्लच प्लेट नवी कोरी, आरशासारखी. शिव्या घालत सगळं परत चढवलं आणि गिअर टाकला.

करर्र.

रविवारी दुपारी मेहुणा टेम्पो घेऊन हजर. मागे मातीची पोती आणि कुंड्या ठेवायचा लोखंडी स्टँड.

"दाजी, पाणी निचरायला तळाला भोकं तुम्ही पाडता की मी पाडू?"

मी उघड्या बॉनेटखाली वाकून, इंजिनमागच्या पत्र्यावर हात टेकून नुसता उभा राहिलो. बायको कधी गाडीत जाऊन बसली ते कळलंही नाही. अचानक हाताखालचा पत्रा सरकला. पुन्हा जागेवर आला.

"परत दाब!"

"कशाला? मी थापा मारतेय ना?"

"अगं, पाया पडतो तुझ्या, दाब!"

पत्रा परत सरकला. नवी स्प्रिंग एवढी ताठ, की वायर तिला ओढायच्या ऐवजी, ज्यात ती अडकवलेली होती तो जुना पातळ पत्राच वाकवत होती. निम्मा जोर तिथेच मुरत होता. शुक्रवारीच या बाईने तेच सांगितलं होतं.

पत्र्याला आडवी जाड पट्टी हवी होती आणि दुकानं बंद. माझी नजर टेम्पोवर गेली.

"अरे, उन्हातून आलास," मी मेहुण्याला म्हटलं, "आत जा, निवांत चहा घे. गाडी काय, तुझीच आहे."

तो खूश होऊन गेला. परत आला तेव्हा मी शेवटचा बोल्ट आवळत होतो.

"दाजी, माझा स्टँड असा एका बाजूला का कलंडलाय?"

"माती जड असते रे."

मी हात पुसून वळलो, तर बायको अजून स्टिअरिंगवरच.

"सरक, मला बसू दे."

"गाडी चढली पाहिजे, एवढीच पैज आहे ना? चालवणार कोण, ते नव्हतं ठरलं."

"अगं, ऐक..."

"तुम्ही ऐकलंत?"

पेडल तळाला गेलं. पहिला गिअर पडला, टक्. महामाया फाटकातून निघाली आणि सरसर चढ चढून वरच्या वळणाआड गेली. आम्ही दोघं मातीच्या पोत्यांवर बसलो.

"ताई परत येईल ना हो?" मेहुणा म्हणाला.

वरून दुसऱ्या गिअरचा आवाज आला. मग तिसऱ्याचा. अगदी साफ. नवं इंजिन बसवल्यापासून तिसरा गिअर मी स्वतः अजून टाकला नव्हता.