आधी तळहात ठेवा

मी एक जुना बेसचा डबा आहे, गाण्यातला खालचा, घुमणारा सूर काढणारा स्पीकर. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतोय. आपली अजून काही दोस्ती झालेली नाही. तुमच्यातले निम्मे मला बघितल्या बघितल्या माझ्या डोक्यावर पाण्याची बाटली ठेवणार, हे मला आत्ताच दिसतंय. ठेवू नका.

माझा जन्म काही फार भारी नाही. सुताराने एक जुनं दार फोडलं आणि त्याच्या प्लायचा मला केला. बिजागरीच्या स्क्रूची भोकं अजून माझ्या कुशीत आहेत. बुजवतो म्हणाला होता, अजून बुजवतोच आहे. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो, "डबा माझ्या हातचा आहे बरं का." मग भोकंही तुझ्याच हातची आहेत, ते सांग की. आतला स्पीकर भंगारातून आला. आधी कोणाच्या तरी गाडीच्या डिकीत होता. त्याबद्दल मी बोलणार नाही.

मला ठेवलंय मोटार वाइंडिंगच्या दुकानात. जळलेले पंप, जळलेले पंखे इथे येतात. ताई त्यांची काळी पडलेली तार उपसून काढते आणि नवी तांब्याची तार गुंडाळते. दिवसभर वॉर्निशचा वास. दुकान ताईचं आहे, आणि तिचा चेहरा असा असतो की गिऱ्हाईक आपणच पंप जाळल्यासारखं उभं राहतं.

माझं खरं काम सुट्टीच्या दुपारी. तेव्हा टॅक्सीवाला येतो, सुतार येतो आणि कुरियरवाला येतो. कुरियरवाल्याला सगळे मुका म्हणतात. मुका नाहीये तो. नको तिथे बोलत नाही, एवढंच. पण जे बडबड करत नाहीत त्यांना नावं ठेवायची हौस माणसांना फार.

ताई धरून हे चौघं जमून काय करतात, तर एकमेकांना ट्रॅक ऐकवतात. रेडिओवर येतात ते नाहीत. कुठल्या तरी गावात कोणीतरी पोरगा एकटा खोलीत बसून बनवतो, शंभर माणसं ऐकतात, आणि त्यातला एक आमचा टॅक्सीवाला असतो, तसले. ड्रम अँड बेस म्हणतात याला. वरती ढोल असे पळतात की मागे कुत्रं लागलंय, आणि खाली बेस म्हशीसारखा सावकाश चालतो. दोघं एकाच रस्त्यावर. ते ज्याला कळलं त्याला कळलं. बाकीच्यांनी जाऊन झोपावं.

नियम ताईने घातलाय. प्रत्येकाने एक ट्रॅक आणायचा. नाव सांगायचं नाही, बनवणारा कोण ते सांगायचं नाही. सगळ्यांनी माझ्यावर तळहात ठेवायचा. ट्रॅकच्या मध्यावर सगळं थांबतं आणि मग एकदम कोसळतं, त्याला ही माणसं ड्रॉप म्हणतात. ड्रॉपपर्यंत एकाचा जरी हात राहिला, तर ट्रॅक पेनड्राइव्हवर ठेवायचा. पेनड्राइव्ह माझ्याच कडीला तांब्याच्या तारेने बांधलाय. सगळ्यांचे हात उचलले गेले, तर तिथल्या तिथे पुसायचा. रडायचं नाही.

चांगले दिवस होते. म्हणजे भांडायचे दर वेळी. टॅक्सीवाला म्हणायचा, "सुतार, तुझ्या ट्रॅकमध्ये रंधाच ऐकू येतो." सुतार म्हणायचा, "तुझ्यात हॉर्न ऐकू येतो, तो आवडतो होय तुला?" पण हात ठेवायचे. आणि हात ठेवला की गप्प व्हायचे. चार तळहात, चार तऱ्हेचे. ताईचा चिरलेला, सुताराचा खरखरीत, टॅक्सीवाल्याचा घामट. मुक्याचा सगळ्यात हलका. कौतुक म्हणाल तर हेच माझं कौतुक.

मग दाजी आले.

दाजी म्हणजे ताईच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी फरशीचं दुकान काढलं आणि उद्घाटनाला आवाज हवा होता.

"मेहुणीबाई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"दाजी, तो गाण्याचा डबा आहे. माइकवर बोलायचा नाही."

"आवाज तो आवाज. बहिणीला वाईट वाटेल हो."

बहिणीचं नाव काढलं की ताईची बोलती बंद होते. हे दाजींना चांगलं ठाऊक. न्या म्हणाली. नंतर गिऱ्हाइकावर ओरडली, पण ते नंतर.

तिथे मला कसल्या तरी राक्षसी अँप्लिफायरला जोडलं आणि एक माणूस माइक तोंडात घालून फरशीचे भाव ओरडत बसला. आवाजाची सगळी बटणं कान पिळल्यासारखी पिळून ठेवलेली. मला आतून चटका बसायला लागला. मी फरफरलो, खरखरलो, चांगला वास सोडला. दाजी शेजाऱ्याला म्हणाले, "कोणीतरी उदबत्ती छान लावलीये." माझी कॉईल, आतलं तारेचं वेटोळं, जळत होती, मित्रांनो. उदबत्ती नव्हती.

परत आणून ठेवलं तेव्हा म्हणाले, "आवाज जरा बसलाय. खोकल्याचं औषध द्या." आणि भरपाई म्हणून स्वतःचा एक स्पीकर ठेवून गेले. साबणाच्या वडीएवढा. निळे दिवे लागतात त्याला. दिवेच लागतात.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी मी कोपऱ्यात भिंतीला टेकून पडलो होतो. चौघं जमले. आणि नेमका त्याच दिवशी मुक्याने स्वतः बनवलेला ट्रॅक आणला होता. कोणाला माहीत नव्हतं, नाव सांगायचं नाही ना. पण मी बघितलं. आपला पेनड्राइव्ह देताना त्याने अंगठा पँटला पुसला. दुसऱ्याच्या ट्रॅकला कोणी अंगठा पुसत नाही. घरी त्याच्याकडे एक कान बंद पडलेला हेडफोन आहे, बस. त्याच्यावर बनवलेला. स्वतःचा बेस त्याने स्वतः कधी अंगावर घेतलाच नव्हता. त्यासाठी तो माझ्याकडे आला होता, आणि मी मेलेलो.

"पुढच्या वेळी लावू," तो म्हणाला.

"आणलाय तर लाव," टॅक्सीवाला म्हणाला. "दिवे बघ काय मस्त आहेत."

लावला. चौघांची बोटं त्या साबणाच्या वडीवर. तळहात मावेना, म्हणून बोटं. ट्रॅकची सुरुवात नुसती खालची होती, एकदम खोल. साबणाची वडी तिथपर्यंत पोचतच नाही. मधूनच टिक, मधूनच टिक. बाकी काही नाही.

"फाईल रिकामी आणलीस काय रे?" टॅक्सीवाल्याने बोट उचललं.

सुतार म्हणाला, "मुक्याचा ट्रॅकही मुका." हसला. बोट उचललं.

ताई बघत होती. जी बाई रिकाम्या दिसणाऱ्या वायरीला बोट लावून करंट ओळखते, तिला एवढं कळायला हवं होतं. आवाज नाही म्हणजे काही नाही, असं नसतं. तिने आयुष्यभर तेच काम केलंय. पण दाजींवरचा राग डोक्यात होता, आणि नियम तो नियम. तिने बोट उचललं. मुक्याचं बोट ड्रॉप यायच्या आत आपोआप वडीवरून खाली घसरलं. ताईने ट्रॅक पुसला.

मुक्याने आपला पेनड्राइव्ह खिशात घातला. पिशवी उचलली आणि गेला. त्यानंतरच्या सुट्टीला आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

"रुसला," सुतार म्हणाला.

"रुसायला काय झालं? माझे किती पुसलेत," टॅक्सीवाला म्हणाला.

ताई तेव्हा उठली, मला उताणं केलं, भोंगा सोडवला. जळलेली कॉईल हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. मग एकदम म्हणाली, "त्याचा ट्रॅक ज्याच्यावर ऐकला, त्या वडीत खालचा सूर असतो का रे?"

सुतार भिंतीकडे बघायला लागला. तिथे काही नव्हतं.

ताईने मला केसासारखी बारीक तार घातली. पंपाला घालतात तशी नाही, श्वास रोखून. मग पहिल्यांदाच ती स्वतः कुरियरच्या ऑफिसात गेली. काय बोलली मला माहीत नाही. तिला माफी मागता येत नाही, म्हणजे बहुतेक शिव्याच दिल्या असतील.

तो आला. दारातच उभा.

"डब्यासाठी आलोय. तुमच्यासाठी नाही."

"ये ना आत," टॅक्सीवाला म्हणाला.

"तुम्ही बाहेर व्हा."

सुतार म्हणाला, "डबा माझ्या हातचा—"

"तूही."

ताईने दोघांकडे बघितलं आणि स्वतः आधी बाहेर गेली. मुक्याने शटर खाली ओढलं.

मग त्याने घरून परत आणलेला तोच ट्रॅक लावला आणि माझ्यावर तळहात ठेवला. मित्रांनो, तुमच्या असल्या-नसल्या सगळ्या गाण्यांची शपथ, मी तसं कधी वाजलेलो नाही. खालचा सूर आला आणि टेबलावरचे स्क्रू चालायला लागले. पंख्यांची पाती हलली. त्याचा हलका हात जड होत गेला. मग शटर थरथरायला लागलं, आणि थोड्या वेळाने त्याची थरथर मध्येच दबली. बाहेरून कोणीतरी तळहात टेकला होता. मग दुसरा. मग तिसरा, चिरलेला. ड्रॉप आला. एकही हात उचलला गेला नाही.

संपल्यावर त्याने शटर वर केलं. ताईने माझ्या कडीचा पेनड्राइव्ह सोडवून पुढे धरला.

"टाक याच्यावर. नियम आहे."

"पुसताना पण नियमच होता," तो म्हणाला, आणि गेला.

पेनड्राइव्ह त्याच्या ट्रॅकविना परत माझ्या कडीला लटकतोय. टॅक्सीवाला दर सुट्टीला मला विचारल्यासारखा बघतो. कसा होता रे तो ट्रॅक, आतून कसा होता. मला सगळं माहीत आहे, पण माझ्यात काही साठत नाही. मी डबा आहे. माझ्यातून जातं ते जातं.

तेव्हा मोडलेली वस्तू आधी नीट करा, मग दुसऱ्याची चीज ऐका, मग तोंड उघडा. याच क्रमाने. आणि ती बाटली उचला म्हटलं ना.