रांजणावरचा बर्फ

हाओने दांडक्याने रांजणावरचा बर्फाचा पापुद्रा फोडला, गारठलेल्या हातांनी तुकडे काढून फेकले आणि खाली उरलेला धान्याचा आंबट सिरका ढवळला. पाण्याचा तेवढा बर्फ होतो, सिरका दाट होत जातो. हिवाळाभर हेच काम.

शेजारच्या अंगणाकडे मात्र त्याने पाहिलं नाही. तिथे मियाओचे रांजण होते. दोघे एकाच गुरूचे चेले, हाओ थोरला. पण म्हाताऱ्याने मरताना सिरक्याचं जुनं विरजण धाकट्याच्या ओंजळीत घातलं. ते हाओच्या मनातून गेलं नव्हतं. कोळशाच्या खाणी बंद पडल्यापासून सगळं शहर सिरक्यावर जगत होतं, आणि नवीन वर्षाच्या जत्रेत ज्याचा सिरका सरस ठरेल, त्याचा रांजण वर्षभर नगारखान्यापुढे मानाने मांडत. दरवर्षी तो मियाओचाच असे.

यंदा मियाओ पोटाच्या ऑपरेशनसाठी तायुआनला गेला होता.

"दादा, रोजचा बर्फ तेवढा काढत जा," जाताना तो म्हणाला होता. "राहिला तर उन्हाने वितळून सगळं पाणी होईल."

"मला शिकवतोस? जा निवांत."

हाओने त्या अंगणात पाऊल टाकलं नाही. वाईट असं त्याने काहीच केलं नाही, फक्त सांगितलेलं केलं नाही. रात्री त्याला छान झोप लागे. त्याची बायको त्साइफंग पहाटेच उठून ताजं टोफू आणायला बाहेर पडे, तेव्हा तो घोरत असे.

जत्रेच्या तोंडावर मियाओ परतला. वाळून काडी झाला होता. हाओ त्याच्यामागून अंगणात गेला. मियाओने झाकण काढून पळी बुडवली. सिरका काळाभोर, पळीला चिकटणारा.

"दादा," मियाओ म्हणाला. "मी मनात शंका घेतली होती. माफ कर."

हाओने पळीत बोट बुडवून चाखलं आणि तो घराकडे वळला.

घरी त्साइफंग शेवयांसाठी कणीक मळत होती. तिच्या बोटांना भेगा पडून रक्त साकळलं होतं. आपल्या डोळ्यांनी हे इतके दिवस कसं पाहिलं नाही, त्याला कळेना.

"हाताला काय झालं?"

"गारठा."

तिने वर पाहिलं नाही. हाओ दारातच उभा राहिला. बाहेर त्याचे स्वतःचे रांजण ओळीने मांडलेले होते. लग्न झाल्यापासून प्रत्येक हिवाळ्यात तो तिला बर्फ काढायला हाताशी ये म्हणून विनवत आला होता आणि दरवेळी ती म्हणायची, मला गारठा सोसत नाही.