घरचं माप

पाच वाजायचे होते, तरी मास्तरबाईने तिसऱ्यांदा दुकानाच्या पायरीवर येऊन रस्ता पाहिला. आत कोट तयार होता. इस्त्री झाली होती, बटणं दोनदा ओढून बघून झाली होती. हाताला चैन नव्हतं म्हणून ती दोरा न ओवताच मशीन चालवत बसली.

लेक येणार होती. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत मास्तरबाई या लेकीचा बाबा होती. आपण बाई आहोत, ही जन्मभर आतल्या आत कोंडलेली गोष्ट तिने एकदाची घरात सांगितली आणि घराने तिला बाहेरचा रस्ता दाखवला. नव्या गल्लीनेही आधी नाकं मुरडली, पण असं फिटिंग दुसरीकडे मिळेना, तेव्हा मुकाट्याने कापडं घेऊन आली. लेक मात्र फिरकली नाही. मागच्या महिन्यात अचानक तिचा फोन आला. नोकरी लागलीय, कोट हवाय, मापं पाठवते, एवढंच बोलली.

लेक आली ती खांद्यावरची पर्स न उतरवता उभी राहिली. अर्धा तासच आहे, म्हणाली. मग पर्स कशीबशी बाजूला धरून कोट चढवला आणि आरशात बघत राहिली. डावा खांदा उगाच वर उचलल्यासारखा दिसत होता.

"हे असं का दिसतंय?"

सातव्या वर्षी लेक झोपाळ्यावरून पडली होती. हाड मोडलं आणि डावा खांदा अर्धा इंच खाली राहिला. शाळेत कुणी चिडवू नये म्हणून मास्तरबाई तिच्या प्रत्येक कपड्यात डावीकडे गुपचूप पातळ गादी शिवायची. आता आलेली मापं दोन्हीकडे सारखी होती. मापं घेणाऱ्या परक्या शिंप्याला काय कळतंय, म्हणून तिने यातही गादी घातली होती.

"तुझा डावा खांदा..."

"तो सरळ झाला. कॉलेजात असताना ऑपरेशन केलं." लेकीने आरशात बघत कॉलर ओढली. "तुम्हाला कोण सांगणार होतं म्हणा."

लेक दवाखान्यात पडून होती आणि आपण इथे लोकांच्या बाह्या बसवत होतो, हे मास्तरबाईला सोसेना. आत्ता उसवते, म्हणत तिने कात्री शोधायला घेतली. कात्री समोरच होती.

लेकीने कोट काढून अस्तरावरून बोट फिरवलं. "शाळेच्या कपड्यांतही हे असायचं?"

"असायचं."

"मला वाटायचं, मी सरळच आहे."

मग तिने पर्स खाली ठेवली आणि खिळ्याला टांगलेली मापांची वही स्वतःच काढली. लहानपणी आकडे मास्तरबाईने सांगायचे आणि लिहायचे लेकीने, अशी वाटणी होती. गिऱ्हाइकाच्या पानावर नाव, फोन, तारीख. घरच्या माणसाच्या पानावर नुसतं 'घरचं'. तसं पान अकरा वर्षांत उघडलं नव्हतं.

"हलू नकोस," मास्तरबाई टेप लावत म्हणाली.

"तूच हलतेयस. टेप नीट धर."

अर्धा तास संपला. चहा नको म्हणाली, परवा कोट न्यायला येते म्हणाली आणि गेली. बाबा, आई, काहीच म्हणाली नाही.

मास्तरबाईने वही ओढली. तेच तिरपे आकडे, खालीवर झालेले. वर नावाच्या जागी लिहिलं होतं, घरचं.

तिने वही उघडीच ठेवली आणि मशीनला दोरा ओवायला घेतला. सुईचं भोक काही केल्या दिसेना.